मेरी बेलॉक लाउंड्स

मेरी अॅडिलेड बेलॉक लाउंड्स (जन्म : लंडन, ५ ऑगस्ट १८६८, मृत्यू : हॅम्पशायर, १४ नोव्हेंबर १९४७) या इंग्रजी कादंबरीकार, पत्रकार आणि आत्मचरित्रकार होत्या. त्यांनी चाळीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी ‘द लॉजर’ (१९१३) ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कृती होय. लंडनमध्ये एकामागून एक स्त्रियांचे खून करणारा माथेफिरू, त्याच्या मागावर असलेले स्कॉटलंड यार्डचे गुप्तहेर आणि नकळत त्याला आपल्या घरात आसरा देणारे एक गरीब दांपत्य यांची ही कथा आहे. १८८८ सालच्या ‘जॅक द रिपर’ प्रकरणावर बेतलेल्या कादंबऱ्यांत तिचे स्थान अग्रभागी मानले जाते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९२७ मध्ये तिच्यावर मूकपट काढला. साहित्यिक, इतिहासकार व राजकारणी हिलेर बेलॉक हे मेरी यांचे धाकटे बंधू होत.

जन्म आणि घराणे

मेरी यांच्या घराण्यात दोन्ही बाजूंनी विद्येची व लेखनाची परंपरा होती. आई बेसी रेनर पार्क्स या इंग्लंडमधील स्त्रीहक्क चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्या होत्या. स्त्रियांना शिक्षण व रोजगार मिळावा यासाठी १८५८ मध्ये सुरू झालेल्या ‘इंग्लिश वुमन्स जर्नल’ या नियतकालिकाच्या त्या संपादक होत्या. बेसी यांचे वडील जोसेफ पार्क्स हे बर्मिंगहॅमचे सुधारणावादी वकील. ऑक्सिजन वायूच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली हे बेसी यांचे पणजोबा होत.

मेरी यांचे वडील लुई बेलॉक हे फ्रेंच वकील होते. त्यांचे वडील जाँ-हिलेर बेलॉक हे चित्रकार, तर आई लुईझ स्वाँटन बेलॉक या आयरिश वंशाच्या लेखिका व अनुवादक होत्या. अनेक इंग्रजी ग्रंथ त्यांनी फ्रेंच भाषेत आणले. बेसी यांनी १८६४ मध्ये कॅथॉलिक पंथ स्वीकारला आणि १८६७ मध्ये लुई यांच्याशी विवाह केला. त्या वेळी बेसी अडतीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी मेरी यांचा जन्म झाला.

बालपण

मेरी यांचे बालपण पॅरिसजवळच्या ला सेल-सँ-क्लू या गावी गेले. २७ जुलै १८७० रोजी तेथेच हिलेर यांचा जन्म झाला. त्याच महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले होते. प्रशियन सैन्य पॅरिसच्या दिशेने सरकू लागताच दोन लहानग्यांना घेऊन कुटुंबाला इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. युद्ध संपल्यावर कुटुंब परतले, तेव्हा शत्रुसैनिकांनी त्यांच्या घराची नासधूस केलेली होती. त्यानंतर थोड्याच काळाने, १८७२ मध्ये लुई यांचे अकाली निधन झाले. मेरी तेव्हा अवघ्या चार वर्षांच्या होत्या.

वैधव्यानंतर बेसी मुलांना घेऊन कधी इंग्लंडमध्ये तर कधी फ्रान्समध्ये राहू लागल्या. याच काळात कुटुंबावर दुसरे संकट कोसळले. शेअरदलालाच्या हाती सोपवलेली बेसी यांची बहुतेक पुंजी बुडाली. लंडनमधील राहणीमान परवडेनासे झाले आणि कुटुंब ससेक्स परगण्यातील स्लिंडन या खेड्यात राहावयास गेले. सुखवस्तू घर पाहता पाहता ओढगस्तीला कसे लागते, याचा अनुभव मेरी यांना अशा रीतीने लहान वयातच आला. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत पैशाची चणचण आणि तिने माणसाच्या मनावर आणलेले दडपण हा विषय वारंवार येतो.

मेरी यांना औपचारिक शिक्षण फारसे मिळाले नाही. सुमारे दोन वर्षे त्या कॉन्व्हेंट शाळेत शिकल्या. बाकी सारे शिक्षण घरातले ग्रंथ, आईचा मित्रपरिवार आणि फ्रान्समधील आजीचा सहवास यांतून झाले. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. पुढे लेखन इंग्रजीत केले, तरी मनाने आपण फ्रेंच आहोत अशी त्यांची भावना अखेरपर्यंत कायम राहिली.

पत्रकारिता

विशीत असतानाच मेरी यांनी लेखणीवर उपजीविका करण्याचे ठरवले. त्या काळी मध्यमवर्गीय स्त्रीने वृत्तपत्रात काम करणे ही सर्वमान्य गोष्ट नव्हती. सुप्रसिद्ध संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी त्यांना आरंभी संधी दिली. लंडनच्या नियतकालिकांना फ्रान्समधील साहित्यिक व सामाजिक घडामोडींविषयी जाणकारीने लिहिणारे कोणी हवे होते. दोन भाषा आणि दोन समाज आतून माहीत असलेल्या मेरी या कामाला योग्य ठरल्या.

फ्रेंच साहित्यिकांच्या मुलाखती हे त्यांच्या पत्रकारितेचे वैशिष्ट्य होते. विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न यांच्या आमियाँ येथील घरी जाऊन त्यांनी घेतलेली मुलाखत १८९५ मध्ये ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. व्हर्न यांच्या लेखनपद्धतीविषयीची माहिती म्हणून अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. त्याच वर्षी एदमाँ व ज्यूल द गाँकूर या लेखकबंधूंवरील त्यांचा सहलेखनातील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये त्यांनी तत्कालीन युवराजांचे (पुढे राजे सातवे एडवर्ड) चरित्र लिहिले.

वृत्तपत्रातील कामाने त्यांना दोन सवयी लावल्या. दिलेल्या मुदतीत मजकूर पूर्ण करणे ही पहिली, आणि न्यायालयातील खटल्यांचे वृत्तान्त बारकाईने वाचणे ही दुसरी. त्यांच्या कादंबरीलेखनाचा पाया याच सवयींनी घातला.

विवाह व संसार

जानेवारी १८९६ मध्ये मेरी यांचा विवाह फ्रेडरिक सॉरी लाउंड्स यांच्याशी झाला. ते ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्रकार होते. या दांपत्याला चार्ल्स हा मुलगा आणि एलिझाबेथ व सूझन या दोन मुली झाल्या. विवाहानंतरही मेरी यांनी लेखन थांबवले नाही. किंबहुना कुटुंबाच्या खर्चाचा मोठा भाग त्यांच्या लेखणीवर चालत असे. सकाळी लेखन आणि नंतर भेटीगाठी असा त्यांचा क्रम असे.

वेस्टमिन्स्टरमधील बार्टन स्ट्रीट येथे त्यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. लेखक, संपादक, मंत्री आणि त्यांच्या पत्नी यांची तेथे ये-जा असे. कादंबरीकार हेन्री जेम्स तसेच पंतप्रधान आस्क्विथ यांच्या पत्नी मार्गो आस्क्विथ यांच्याशी त्यांचा स्नेह होता. भोजनप्रसंगी झालेली संभाषणे त्या लक्षात ठेवीत व रोजनिशीत उतरवीत. अशाच एका संभाषणातून त्यांना त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचे बीज मिळाले.

आरंभीच्या कादंबऱ्या

‘द हार्ट ऑफ पेनेलोपी’ (१९०४) आणि ‘बार्बरा रेबेल’ (१९०५) या मेरी यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या सामाजिक व कौटुंबिक स्वरूपाच्या होत्या. ‘स्टडीज इन वाइव्ह्ज’ (१९०९) या कथासंग्रहात विवाहसंस्थेतील ताण त्यांनी निरनिराळ्या कोनांतून मांडले. हळूहळू त्यांचे लक्ष गुन्ह्याकडे वळले. ‘द चिंक इन द आर्मर’ (१९१२) या कादंबरीत पॅरिसजवळच्या जुगाराच्या एका गावात आलेली तरुण, श्रीमंत इंग्रज विधवा आणि तिच्या मोत्यांवर डोळा ठेवून तिच्याशी मैत्री करणारे एक परदेशी जोडपे यांची कथा आहे. सभ्य, बोलघेवड्या, घरगुती माणसांच्या आड दडलेले क्रौर्य हा त्यांचा खास विषय या कादंबरीतून स्पष्ट झाला.

‘द लॉजर’ची पार्श्वभूमी

३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या दहा आठवड्यांत लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल व लगतच्या वस्तीत पाच गरीब स्त्रियांचे अत्यंत निर्घृण खून झाले. खुनी ‘जॅक द रिपर’ या नावाने कुप्रसिद्ध झाला, परंतु तो कोण होता हे अखेरपर्यंत निश्चित झाले नाही. स्कॉटलंड यार्डच्या वतीने निरीक्षक फ्रेडरिक अॅबरलाइन यांनी प्रत्यक्ष तपासाची सूत्रे सांभाळली. घरोघर चौकश्या झाल्या, संशयितांची धरपकड झाली, वास काढणाऱ्या कुत्र्यांचीही चाचणी घेण्यात आली. त्यातून काहीच निष्पन्न न झाल्याने वृत्तपत्रांनी पोलिसांवर टीकेची झोड उठवली. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी नोव्हेंबरमध्ये पद सोडले. शासनाशी त्यांचे आधीपासूनच मतभेद होते, तरी जनतेच्या मनात त्यांचे जाणे या अपयशाशी जोडले गेले. मेरी त्या वेळी वीस वर्षांच्या होत्या आणि वृत्तपत्रसृष्टीत पाऊल टाकण्याच्या बेतात होत्या.

त्यानंतर सुमारे दोन दशकांनी एका भोजनप्रसंगी त्यांच्या कानावर एक हकीकत आली. एक गृहस्थ शेजारच्या स्त्रीला सांगत होते की, त्यांच्या आईकडे पूर्वी काम करणारे बटलर व स्वयंपाकीण यांनी लग्न करून खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जॅक द रिपर आपल्या घरी एक रात्र राहून गेला, अशी त्या दोघांची खात्री होती. ती हकीकत खरी असो वा नसो, मेरी यांना त्यात कथा दिसली. त्यांनी त्यावर लिहिलेली लघुकथा जानेवारी १९११ मध्ये ‘मॅक्ल्युअर्स मॅगझिन’ या अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झाली. पुढे ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाचे साहित्य-संपादक डब्ल्यू. एल. कोर्टनी यांनी कादंबरी मागितली, तेव्हा मेरी यांनी त्याच कथेचा विस्तार केला. क्रमशः प्रसिद्धीनंतर १९१३ मध्ये मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने काढली.

कथानक

रॉबर्ट बंटिंग आणि त्याची पत्नी एलन हे उतारवयाकडे झुकलेले दांपत्य. दोघेही पूर्वी मोठ्या घरांतून नोकरीस होते. साठवलेल्या पैशांतून त्यांनी मेरिलबोन रोडजवळ घर घेऊन खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय आरंभलेला असतो, परंतु भाडेकरू मिळेनासे होतात. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडतात. बंटिंगची तंबाखू सुटते. बाहेर वृत्तपत्रे विकणारी मुले नव्या खुनाची आरोळी ठोकत असताना एका पेनीचे वृत्तपत्र घ्यावे की नाही, हादेखील त्या घरात कलहाचा विषय ठरतो.

अशा वेळी दाट धुक्याच्या एका संध्याकाळी मिस्टर स्लूथ नावाचा एक उंच, कृश, सुशिक्षित गृहस्थ दार ठोठावतो. त्याच्याकडे एक लहानशी बॅग असते. तो आगाऊ भाडे देतो आणि एकांताखेरीज काही मागत नाही. दिवसा तो बायबल वाचतो, भिंतीवरील स्त्रियांच्या तसबिरी उलट्या करून ठेवतो, शास्त्रीय प्रयोगांसाठी गॅसची शेगडी असलेली वरची खोली घेतो आणि मध्यरात्री रबरी तळव्यांचे बूट घालून हलक्या पावलांनी बाहेर पडतो. त्याच सुमारास ‘अॅव्हेंजर’ अशी सही असलेला त्रिकोणी कागद प्रेताला टाचून ठेवणारा खुनी शहरात धुमाकूळ घालत असतो. मद्यपी स्त्रिया त्याला बळी पडत असतात.

मिसेस बंटिंगच्या मनात संशयाची पाल चुकचुकू लागते. आवाज न करता उघडणारे दार, सकाळी ओला दिसणारा कोट, कुलूपबंद कपाटाखालून ओघळणारा लाल द्रव अशा एकेका खुणेने तो बळावतो. तरीही ती कोणाला काही सांगत नाही. भाडेकरू गेला की उपासमार पुन्हा दाराशी येणार, हे तिला ठाऊक असते. शिवाय त्या विक्षिप्त, पण तिच्याशी सौजन्याने वागणाऱ्या माणसाविषयी तिला एक प्रकारची कणवही वाटू लागते. पुढे बंटिंगलाही स्वतंत्रपणे तोच संशय येतो. परंतु दोघेही तो एकमेकांपासून लपवतात. बंटिंगची पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी डेझी घरी राहावयास आल्यावर या गुपिताचा भार दोघांना असह्य होतो.

शेवट मेरिलबोन रोडवरीलच मादाम तुसाँ यांच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात घडतो. भाडेकरूने आग्रह केल्यामुळे मिसेस बंटिंग व डेझी त्याच्यासोबत तेथे गेलेल्या असतात. नेमके त्याच वेळी नवे पोलीस आयुक्त पाहुण्यांसह तेथे येतात. वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेल्या एका खुन्याविषयी ते बोलत असतात. मिसेस बंटिंगनेच आपला घात केला असे वाटून भाडेकरू तिला दोष देतो आणि तेथून निसटतो. तो पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. त्याने मागे ठेवलेला पैसा मिसेस बंटिंग स्वतःकडे ठेवत नाही. अनाथ मुलांच्या संस्थेकडे तो निनावी पाठवून देते.

पोलीस व गुप्तहेरांचे चित्रण

कादंबरीतील गुप्तहेराचे काम स्कॉटलंड यार्डचा तरुण अधिकारी जो चँडलर याच्याकडे आहे. तो बंटिंग कुटुंबाचा स्नेही असून डेझीवर त्याचे प्रेम आहे. तो प्रामाणिक व कष्टाळू आहे. रात्ररात्र धुक्यात गस्त घालतो, वेष पालटून हिंडतो, बुटांच्या ठशांची माहिती उत्साहाने सांगतो. मात्र ज्याला तो शहरभर शोधत असतो, तो माणूस त्याच्या डोक्यावरील मजल्यावर राहत असतो. तपासाची ताजी बातमी जो स्वयंपाकघरात बसून सांगतो आणि ऐकणारी गृहिणी भीतीने गोठून जाते. ‘स्लूथ’ या शब्दाचा इंग्रजीतील एक अर्थच गुप्तहेर असा आहे. खुन्याला हे नाव देऊन लेखिकेने शोधणारा आणि शोधला जाणारा यांची अदलाबदल सुचवली आहे.

स्कॉटलंड यार्डमधील गुन्हेविषयक वस्तूंचे ‘ब्लॅक म्युझियम’ आणि मृत्यूच्या चौकशीचे न्यायासन यांची वर्णने कादंबरीत सविस्तर येतात. चौकशीच्या प्रसंगी मिसेस बंटिंग गर्दीत बसून साक्षी ऐकते. एकेक साक्षीदार खुन्याचे वर्णन ठामपणे, पण निरनिराळे करतो. खरे वर्णन करू शकणारी एकटी तीच असते, आणि ती गप्प राहते. पोलिसांचे अपयश हे त्यांच्या नालायकीतून येत नाही. सामान्य माणसाच्या मौनातून येते, ही या कादंबरीची मुख्य सूचना होय.

वाङ्मयीन वैशिष्ट्ये

त्या काळात शेरलॉक होम्सच्या धर्तीवरील बुद्धिप्रधान रहस्यकथा लोकप्रिय होत्या. खून कोणी केला, हे शेवटी उलगडणे हा त्यांचा गाभा असे. ‘द लॉजर’मध्ये खुनी कोण याचा अंदाज वाचकाला लवकरच येतो. कळलेली गोष्ट माणूस मनात किती काळ दडपून ठेवू शकतो, आणि त्यासाठी त्याला काय किंमत द्यावी लागते, या प्रश्नावर कादंबरीची उत्कंठा उभी आहे. एकही खून प्रत्यक्ष दाखवलेला नाही. जिन्यावरची पावले, दाराचा आवाज आणि रस्त्यावरून येणारी बातम्यांची आरोळी एवढ्यावरच भय निर्माण केले आहे.

खुनांचे वर्तमान वाचण्याची समाजाची हावही कादंबरीत सूक्ष्मपणे टिपली आहे. बंटिंगला वृत्तपत्रातील भयानक तपशिलांचे आकर्षण आहे. ते संकट स्वतःच्या घरात शिरले आहे हे कळेपर्यंत त्याला त्यात करमणूक वाटते. खुनाचे बळी ठरलेल्या स्त्रियांविषयी मात्र समाजात फारशी हळहळ नाही. त्या दारुड्या होत्या, एवढ्यावर त्यांची वासलात लावली जाते. मिसेस बंटिंगलाही आपले मौन समर्थनीय ठरवताना याच विचाराचा आधार होतो.

स्वागत

प्रकाशनानंतर समीक्षकांनी कादंबरीची फारशी दखल घेतली नाही, असे मेरी यांनी रोजनिशीत नोंदवले आहे. काही वर्षांनंतर मात्र त्यांच्या प्रत्येक नव्या पुस्तकाची तुलना ‘द लॉजर’शी होऊ लागली. वाचकांचा प्रतिसाद आरंभापासूनच वेगळा होता. दैनिकात ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागताच खोल्या भाड्याने देणाऱ्या किंवा पूर्वी दिलेल्या लोकांची पत्रे त्यांच्याकडे ठिकठिकाणाहून येऊ लागली. लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांनी पॅरिसमध्ये तरुण अर्नेस्ट हेमिंग्वे यांना ही कादंबरी वाचावयास सुचवली होती. हेमिंग्वे यांना ती अतिशय आवडल्याची नोंद त्यांच्या पॅरिसच्या आठवणींत आहे.

नाटक, चित्रपट व संगीतिका

एच. ए. व्हॅशेल यांनी या कादंबरीवरून ‘हू इज ही?’ हे काहीसे विनोदी वळणाचे नाटक लिहिले. ते १९१५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. तरुण हिचकॉक यांनी ते पाहिले होते. १९२७ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्यांच्या ‘द लॉजर : अ स्टोरी ऑफ द लंडन फॉग’ या मूकपटात आयव्हर नोव्हेलो यांची प्रमुख भूमिका होती. नोव्हेलो हे प्रेक्षकांचे लाडके नट असल्याने त्यांना खुनी दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. म्हणून चित्रपटात भाडेकरू निर्दोष ठरतो. निरपराध माणसावर आलेला आळ हा हिचकॉक यांच्या पुढील अनेक चित्रपटांचा विषय येथूनच सुरू झाला. मूळ कादंबरीतील नैतिक पेच मात्र या बदलामुळे नाहीसा झाला.

१९३२ मध्ये नोव्हेलो यांनाच घेऊन बोलपट निघाला. १९४४ मध्ये जॉन ब्राम यांनी दिग्दर्शित केलेल्या अमेरिकी चित्रपटात लेअर्ड क्रेगर यांनी खुन्याची भूमिका केली. त्यात भाडेकरूच खुनी आहे. या चित्रपटाच्या नायिका मर्ल ओबेरॉन यांचा जन्म मुंबईचा होता. १९५३ मध्ये ‘मॅन इन द अॅटिक’ हा आणखी एक चित्रपट आला. संगीतकार फिलिस टेट यांची या कथेवरील संगीतिका १९६० मध्ये लंडनमध्ये सादर झाली.

इतर गुन्हेकथा

प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यांवरून कथानक रचणे ही मेरी यांची आवडती पद्धत होती. ‘व्हॉट रिअली हॅपन्ड’ (१९२६) या कादंबरीमागे १८७६ मधील चार्ल्स ब्राव्हो विषप्रयोग प्रकरणाची छाया आहे. ‘लेटी लिंटन’ (१९३१) ही १८५७ मध्ये गाजलेल्या मॅडलिन स्मिथ खटल्यावर आधारलेली आहे. प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा मॅडलिनवरील आरोप सिद्ध झाला नव्हता. ‘लेटी लिंटन’वर १९३२ मध्ये जोन क्रॉफर्ड यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला. त्याच खटल्यावरील एका नाटकातील मजकूर परवानगीविना वापरल्याचा दावा नाटककारांनी जिंकल्याने तो पुढे प्रदर्शनातून काढून घ्यावा लागला. ‘द स्टोरी ऑफ आयव्ही’ (१९२७) या कादंबरीवरील ‘आयव्ही’ हा चित्रपट १९४७ मध्ये आला. अमेरिकेतील लिझी बॉर्डन हत्याप्रकरणावर त्यांनी १९३९ मध्ये कल्पनाधिष्ठित पुस्तक लिहिले.

मेरी यांनी हर्क्यूल पोपो नावाचा एक फ्रेंच गुप्तहेरही निर्माण केला होता. अगाथा ख्रिस्ती यांचा हर्क्यूल पॉयरो वाचकांसमोर आला तो १९२० मध्ये. दोन्ही नावांतील साम्य उघड आहे, आणि ते मेरी यांना खटकले होते. पॉयरो जगभर प्रसिद्ध झाला. पोपो आज केवळ अभ्यासकांना माहीत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ‘गुड ओल्ड अॅना’ (१९१५) ही कादंबरी लिहिली. इंग्रज कुटुंबात अनेक वर्षे राहिलेली जर्मन मोलकरीण युद्ध सुरू होताच संशयाच्या भोवऱ्यात कशी सापडते, हे तीत दाखवले आहे. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसाला आपण कितपत ओळखतो, हा ‘द लॉजर’मधील प्रश्न येथे वेगळ्या रूपात येतो.

सार्वजनिक कार्य

आईचा वारसा मेरी यांनी आपल्या परीने चालवला. स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी १९०८ मध्ये स्थापन झालेल्या लेखिकांच्या संघटनेच्या त्या सभासद होत्या. बंधू हिलेर हे १९०६ ते १९१० या काळात संसद सदस्य होते आणि स्त्री-मताधिकाराला त्यांचा विरोध होता. या मतभेदामुळे बहीणभावाच्या स्नेहात मात्र अंतर पडले नाही. नवोदित लेखक-लेखिकांना प्रकाशक मिळवून देण्यासाठी मेरी तत्परतेने शब्द टाकीत.

उत्तरायुष्य

१९४० मध्ये पती फ्रेडरिक यांचे निधन झाले. युद्धाचे दिवस, वाढते वय आणि एकटेपण अशा परिस्थितीत मेरी यांनी आठवणी लिहावयास घेतल्या. ‘आय, टू, हॅव लिव्हड इन आर्केडिया’ (१९४१) या ग्रंथात त्यांनी आईवडिलांच्या अल्पकालीन सहजीवनाची हकीकत सांगितली. जर्मन सैन्याने फ्रान्स पुन्हा एकदा व्यापला असताना, १८७० च्या आक्रमणाने विस्कटलेल्या घराची ही कथा त्यांनी लिहिली. त्यानंतर ‘व्हेअर लव्ह अँड फ्रेंडशिप ड्वेल्ट’ (१९४३) आणि ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ वेस्टमिन्स्टर’ (१९४६) हे दोन भाग निघाले. ‘अ पासिंग वर्ल्ड’ हा चौथा भाग मरणोत्तर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१४ नोव्हेंबर १९४७ रोजी हॅम्पशायरमधील एव्हर्स्ली क्रॉस येथे थोरली मुलगी एलिझाबेथ यांच्या घरी मेरी यांचे निधन झाले. ज्या गावी बालपण गेले त्या ला सेल-सँ-क्लू येथे त्यांचे दफन करण्यात आले. धाकटी मुलगी सूझन या विवाहानंतर पोर्तुगालमध्ये स्थायिक झाल्या होत्या. त्यांनी आईच्या रोजनिशीतील व पत्रव्यवहारातील निवडक भाग संपादित करून १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

महत्त्व

मेरी बेलॉक लाउंड्स यांच्या बहुतेक कादंबऱ्या आज सहज उपलब्ध नाहीत. हिलेर यांच्या कीर्तीमुळे त्यांची ओळख पुष्कळदा बहीण म्हणून, तर हिचकॉक यांच्या कीर्तीमुळे चित्रपटाच्या मूळ लेखिका म्हणून करून दिली जाते. तथापि सीरियल किलर ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी अशा खुन्याची कादंबरी लिहिली, आणि तिचा केंद्रबिंदू खुनी किंवा गुप्तहेर न ठेवता घरभाड्यावर जगणारी एक साधी स्त्री ठेवला. गुन्ह्याचा तपास पोलीस ठाण्यात चालतो, पण त्याचा निर्णय अनेकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात झालेला असतो, हे दाखवून देणाऱ्या मानसशास्त्रीय गुन्हेकथेच्या परंपरेत ‘द लॉजर’ला मानाचे स्थान आहे.

निवडक ग्रंथसंपदा

द हार्ट ऑफ पेनेलोपी (१९०४)
बार्बरा रेबेल (१९०५)
स्टडीज इन वाइव्ह्ज (१९०९)
द चिंक इन द आर्मर (१९१२)
द लॉजर (१९१३)
गुड ओल्ड अॅना (१९१५)
व्हॉट रिअली हॅपन्ड (१९२६)
द स्टोरी ऑफ आयव्ही (१९२७)
लेटी लिंटन (१९३१)
लिझी बॉर्डन : अ स्टडी इन कंजेक्चर (१९३९)
आय, टू, हॅव लिव्हड इन आर्केडिया (१९४१)
व्हेअर लव्ह अँड फ्रेंडशिप ड्वेल्ट (१९४३)
द मेरी वाइव्ह्ज ऑफ वेस्टमिन्स्टर (१९४६)
अ पासिंग वर्ल्ड (१९४८)